काकूंच्या हातचा नारळ

"ताई, काकू गेल्या..." धाकट्या भावाचा, संतोषचा फोन आला तेव्हा मी वर्गात हजेरी घेत होते. हजेरीपट मिटून मी बाहेर आले. अनसूयाकाकू आमच्या नात्यातल्या कुणी नव्हेत. पण आष्टीकडच्या आमच्या गावात त्या सगळ्यांच्याच काकू, आणि आम्हा दोघा भावंडांच्या तर त्याहून जास्त. रडू आलं, पोटभर रडले. पण डोळे पुसल्यावर पहिल्यांदा आठवला तो त्यांचा ठसका आणि हातातली बाभळीची काठी. अशी जिंकून गेलेली बाई मी दुसरी पाहिली नाही, म्हणून हे लिहायला बसले.

दसरा झाला की आमचं गाव ऊसतोडीला निघतं. ट्रॉलीत गाठोडी, भांडी, कोयते आणि त्यावर लेकरं. निघण्याआधी वेशीजवळच्या काकूंच्या घरापुढे ट्रॅक्टर थांबायचा आणि त्या घरातलं वडीलधारं माणूस चाकापुढे नारळ फोडायचं. तो मान त्या घराचाच. आधी सासऱ्यांनी फोडला, मग नवऱ्यानं. नवरा गेल्यावर काकूंनी पदर खोचून नारळ उचलला, तेव्हा विधवेच्या हातचा नारळ कसा चालेल म्हणून कुजबुज झालीच. काकू म्हणाल्या, "माज्या हातानं फोडल्यावर खोबरं काळं निघतंय का, बघा तरी!" पांढरंशुभ्र निघालं आणि विषय तिथंच मिटला.

मी तिसरीत होते त्या वर्षीची गोष्ट. दर हंगामाला शाळेतली निम्मी पोरं ट्रॉलीत बसून जात आणि परत आली की पाटीशी त्यांची ओळख तुटलेली असे. काकूंना ते डाचत होतं. त्या ट्रॅक्टरपुढे उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "लेकरं खाली उतरवा, मगच नारळ." टोळी घेऊन जाणारा मुकादम बापूराव लई गरम डोक्याचा. "काकू, कारखान्यावर वाट बघायलेत. काहून आडवं येता?" काकू ढिम्म. शेवटी त्यानं स्वतःच नारळ फोडला आणि काकूंना वळसा घालून ट्रॅक्टर हाकायला लावला. ओढा ओलांडायच्या आत ट्रॉलीचं टायर फुटलं.

मग काय, बायका पटापट खाली उतरल्या. काकूंच्या हातचा नारळ फुटल्याशिवाय पुढे जायचं नाही म्हणून त्यांनी ओढ्याकाठीच बैठक मारली. पुरुषही मान खाली घालून त्यांच्या बाजूचे झाले. बापूरावला टायर बदलून उलट्या पावली यावं लागलं. पण तोही बेरकी. वेशीच्या अलीकडे थांबून त्यानं लेकरं गाठोड्यांमागे दडवायला लावली. दादांनी, म्हणजे आमच्या वडिलांनी, मला संतोषसकट गोधडीखाली सरकवलं. संतोष नुकता चालायला लागला होता. त्याच्या तोंडावर हात ठेवून मी श्वास धरून पडले होते.

"घ्या काकू, ट्रॉलीत लेकरू न्हाई," बापूरावचा आवाज आला. मग काठीची ठकठक ऐकू आली. काकू एकेक गाठोडं ठोकत पुढे येत होत्या. आमच्या गोधडीवर काठी टेकली आणि संतोषनं असा गळा काढला की ड्रायव्हरसुद्धा हसला.

"बापूराव, ह्या गाठोड्याला भूक लागलीय बघा."

आई मात्र रडायला लागली. "काकू, पोरीला ठिवीन हो, पन धाकट्याला कोन बगंल? म्या फडात कोयता धरल्यावर तीच तर सांबाळती त्याला." काकूंचा आवाज एकदम उतरला. त्यांनी आईच्या पाठीवर हात ठेवला. "दोगांनाबी ठिवून जा. माजं घर काय मला एकलीला लागतंय व्हय?" आईनं संतोषला स्वतःच्या हातानं काकूंच्या कडेवर दिलं. मग ट्रॉलीतली बाकीची लेकरंही उतरू लागली आणि नारळ फुटला. त्या वर्षी गावातली शाळा पहिल्यांदा हंगामभर भरलेली राहिली.

काकूंच्या घरात आम्ही मुलं कोंबल्यासारखी राहायचो. गावात मागे राहिलेल्या म्हाताऱ्या आळीपाळीनं ज्वारीचं पीठ आणून द्यायच्या, काकू भाकऱ्या थापायच्या आणि थापता थापता पाढे म्हणून घ्यायच्या. त्यांना स्वतःला पाढे येत नव्हते. पण अडखळलेलं त्यांना बरोबर कळायचं आणि उलथनं हवेत उठायचं. प्रेम करणं आणि ओरडणं त्यांना वेगवेगळं जमत नसे. आईच्या आठवणीनं मी रडले की म्हणायच्या, "रड, पन जेवून रड." पुढे मी डीएड होऊन आमच्याच गावच्या शाळेत लागले, तेव्हा काकू काठी टेकत थेट बापूरावच्या दारात गेल्या आणि सगळ्या गल्लीला ऐकू जाईल असं म्हणाल्या, "तुमच्या गाठोड्यातली पोरगी मास्तरीण झाली, बरं का!" बापूरावानं हसत चहा टाकायला सांगितला.

यंदा काकू गेल्या आणि मागोमाग दसरा आला. मला धास्ती वाटत होती... काकूंचा धाक गेला, आता पुन्हा लेकरं ट्रॉलीत बसणार की काय? ट्रॅक्टरचा आवाज आला तशी मी त्यांच्या घराकडे धावले. बघते तर ओट्यावर लेकरं दाटीनं बसलेली, कपड्यांच्या पिशव्या मांडीवर घेऊन. आयांनीच आणून बसवली होती. थकलेले बापूराव नारळ घेऊन खाली उभे होते. "मास्तरीणबाई, आता हा मान तुमचा. पन आदी काकूंची काठी घ्या," ते म्हणाले, "आन ठोकून बघा. त्याबिगर मलाच बरं वाटायचं न्हाई."

दारामागची काठी मी हातात घेतली. मुठीशी ती त्यांच्या हातानं गुळगुळीत झालेली. संतोषनं मला ट्रॉलीत चढायला हात दिला. मी एकेक गाठोडं ठोकत शेवटपर्यंत गेले. एकही गाठोडं रडलं नाही. मग मी खाली उतरून नारळ फोडला.