घामाचा खुराक

वजनकाट्यावर पाय ठेवायच्या आधी मामा वाकून काट्याला हात लावायचे आणि तो हात कपाळाला. आखाड्यात उतरताना मातीला लावतात तसा. मग मोबाईल, चाव्या, सुपारीची डबी, टोपी असं एकेक माझ्या काउंटरवर काढून ठेवायचे आणि छातीत श्वास भरून वर चढायचे.

"मामा, श्वास धरून वजन कमी होत नाही."

"सवय हाय पोरी. आकड्याकडं तूच बघ. मला सांगू नको लगेच."

चौसाळ्यात हायवेच्या कडेला माझं मेडिकल आहे. वडिलांना सही करता येते, आईला तीही नाही. बी.फार्म. झालेली आमच्या घरातली मी पहिली, आणि हे सांगायला मला आवडतं. मामांनाही आवडायचं. दुकानात कुणी नवखा आला की ते माझ्याकडं बोट करून म्हणायचे, "डॉक्टरीण हाय आपली." मी म्हणायचे, मी फार्मासिस्ट. ते म्हणायचे, "तेच ते. गोळ्या तर तूच देतीस."

आमचं नातं काही नाही. आमच्या गल्लीच्या तोंडाशी त्यांचं घर, म्हणून ते मामा आणि त्या मामी.

तरुणपणी त्यांनी जत्रांतल्या कुस्त्या मारल्या होत्या. नंतर कुस्ती सुटली, खुराक सुटला नाही. असे जुने पैलवान तुम्हीही पाहिले असतील. छाती खाली सरकते आणि तिचं पोट होतं, पण चालणं मात्र दोन्ही हात अंगापासून लांब धरून, कुस्तीला जोड शोधायला निघाल्यासारखं. मामांच्या पोटाचं कुणाला काही वाटत नव्हतं. त्यांना स्वतःला तर अभिमान होता. "हे फुकट न्हाई आलेलं," असं म्हणून ते त्यावर थाप मारायचे.

मग मामींच्या किडन्या गेल्या. बीडला डायलिसिस सुरू झालं. किडनी बदलायची म्हटल्यावर घरात तपासण्या झाल्या. मुलाला साखर निघाली, मुलीचं जुळलं नाही. जुळलं ते मामांचं. त्या दिवशी त्यांनी बीडहून पेढे आणले आणि माझ्या दुकानातल्या प्रत्येक गिऱ्हाईकाला वाटले. लोकांना वाटलं, नातू झाला.

पण संभाजीनगरच्या डॉक्टरांनी पोटाकडं बघून सांगितलं, एवढ्या वजनावर आम्ही तुम्हाला टेबलावर घेणार नाही. पंधरा किलो उतरवा, मग या.

"पंधरा किलो म्हंजी बकरू," मामा मला म्हणाले. "अंगातून बकरू काढायचं हाय."

दुसऱ्या दिवसापासून ते चालायला लागले. उजाडलं की हायवेच्या कडेनं मांजरसुंब्याच्या अंगाला, आणि ऊन चढायच्या आत परत. पुण्याच्या मुलानं मोबाईलमध्ये एक अ‍ॅप टाकून दिलं होतं. किती पावलं चाललात, किती कॅलरी जाळल्या, सगळं त्यात दिसायचं. आठवड्यानं मामा काट्यावर चढले. आकडा हलला नव्हता. पुढच्या आठवड्यातही नाही.

"आसं कसं? हे बघ, मोबाईल म्हणतोय साडेतीनशे जाळल्या."

"आणि आल्यावर काय खाल्लं?"

"साडेतीनशेचंच. लई न्हाई. दोन धपाटे, लोणी, वाटीभर दही. जेवढं गेलं तेवढंच आत आलं."

मी त्यांना सांगितलं, की तेवढंच आत आलं म्हणूनच काटा हलत नाही. शिवाय मोबाईल अंदाजानं बोलतो आणि वाढवून बोलतो. तुम्ही चालला नसतात तरी अंगानं काही जाळलंच असतं, तेही तो चालण्यात धरतो. आणि लोण्यासकट दोन धपाटे साडेतीनशेत बसत नाहीत. चक्कर आली तर मूठभर फुटाणे खा, ताक प्या. रोजचं जेवण थोडं कमी करा आणि जाळलेलं परत भरू नका.

मामांना हे पटेना. "घाम गाळला की खुराक पाहिजे. आमच्या वस्तादानं पहिल्या दिवशी हेच शिकवलं. खुराक न्हाई मिळाला तर अंग अंगाला खातं."

"तेच तर पाहिजे मामा. अंगानं अंगच खायला हवंय."

त्यांनी काउंटरवरची टोपी उचलून डोक्यावर चढवली. मग म्हणाले, "नांगरून आलेल्या बैलाला पेंड घालतोच की आपण. काहून घालतो?"

"उद्या परत जुंपायचा असतो म्हणून. तो बारीक व्हायला नको असतो. तुम्हाला बारीकच व्हायचंय."

"म्हंजी बैल उपाशी ठिवायचा."

"अर्धपोटी."

"आमच्या वस्तादानं हे ऐकलं असतं ना, तुला तालमीच्या दारातून हाकललं असतं."

"तुमच्या तालमीत बायकांना दारापर्यंत तरी येऊ देत होते का?"

यावर ते इतके हसले, की शेजारच्या पंक्चरच्या दुकानातून भाई डोकावून बघायला आले.

महिना झाला. काटा एकदा थोडा खाली जायचा, एकदा वर. मग एका सकाळी मामींचं इंजेक्शन द्यायला मी त्यांच्या घरी गेले.

मामी चुलीपुढं बसल्या होत्या. आदल्या दिवशी डायलिसिस झालेलं. असं झालं की दुसऱ्या दिवशी माणसाला उठून बसायचंही बळ नसतं. डाव्या हाताला डायलिसिसच्या सुया टोचायची शीर फुगलेली, त्या हातावर जोर द्यायचा नाही. म्हणून त्या एकाच हातानं धपाटं थापत होत्या. ओलं फडकं, त्यावर पिठाचा गोळा, आणि एक हात गोल फिरत होता. बाजूला स्टीलची लहान वाटी झाकून ठेवलेली. दिवसभरात प्यायला परवानगी होती ते पाणी.

"मामी, हे कुणासाठी चाललंय?"

"येतील आता चालून. भूक लागती त्यांना."

मी चिडले. मला राग आला की मी मोठ्या माणसांनाही बोलते, गावाला माहीत आहे. म्हटलं, मामी, तो माणूस उजाडल्यापासून घाम गाळतोय ते तुमच्यासाठी, आणि तो जेवढं उतरवून येतो तेवढं तुम्ही रोज परत भरताय. तुम्हाला हे कळत नाही का?

मामींनी धपाटं तव्यावर टाकलं, फडकं सोलून काढलं. मग माझ्याकडं न बघता बोलल्या.

"कळतंय की. कळतंय म्हणूनच घालते."

मला आधी समजलंच नाही.

"पंधरा किलो उतरले की कापणार त्यांना. तपासणीची सोडली तर ह्या माणसाला आजवर सुई लागलेली न्हाई बाई. ताप आला तरी कडुलिंबाचा पाला अंगाला लावून बसतेत. माझ्यापायी त्यांना टेबलावर घालू?"

मी सांगितलं, की एका किडनीवर माणूस नीट जगतो. तपासूनच घेतात. असे कितीतरी लोक आहेत.

"तू शिकलेली, तू म्हणतीस ते खरंच आसंल. पण समज, त्यांना काय झालं. मग मी त्यांचीच वस्तू पोटात घिऊन मागं राहू? कशी राहू, तू सांग."

त्यांनी धपाटं उलटलं. मी सिरिंज भरली. इंजेक्शन दिलं. जाताना त्या म्हणाल्या, "त्यांना बोलू नको." मी बोलले नाही. नवरा-बायकोच्या मधे मी काय बोलणार? मामी अडाणीपणानं करत असत्या तर मी रोज जाऊन भांडले असते. त्या जाणूनबुजून करत होत्या.

त्यानंतर थोड्याच दिवसांनी काटा हलला. दोन आठवड्यांनी अजून. पायजम्याच्या नाड्या लांब लोंबायला लागल्या. गालाची हाडं दिसायला लागली. मला काही कळेना, कारण मामींचा तवा रोज तापत होता. खुलासा केला तो पंक्चरवाल्या भाईंनी. दुकानात येऊन त्यांनी माझ्याकडं पित्ताची गोळी मागितली.

"मामूको बोलो, जरा लोणी कम डालके लाव. उनका वजन उतररा, मेरा चढरा."

मामा मामींना सांगायचे, बाहेर लिंबाखाली गारव्याला बसून खातो. फडक्यात बांधलेले धपाटे घेऊन निघायचे आणि भाईंच्या पुढ्यात ठेवायचे. स्वतः फुटाणे चघळत बसायचे. मी विचारलं तर म्हणाले, "ती पुढ्यात बसून बघाया लागली की न्हाई म्हणता येत न्हाई पोरी. तिला सोता खायला बंदी, प्यायला बंदी. मी खातो ते बघण्यावर तिचं पोट भरतं. म्हणून तिच्या डोळ्याआड न्यायचं."

भाईंचं एक मात्र खरं होतं. धपाटे दिवसेंदिवस जाड होत होते, लोणी वाढत होतं. मामींनाही लोंबणाऱ्या नाड्या दिसतच होत्या.

एकदा मामी स्वतः दुकानापर्यंत आल्या. पदरानं तोंड पुसत पायरीवर बसल्या, धाप लागली होती. विचारलं, "किती भरलं त्यांचं?" मी खरं सांगितलं. उतरतंय मामी, आता थोडंच राहिलंय. त्या बराच वेळ रस्त्यावरच्या गाड्या बघत बसल्या. "बरं," म्हणाल्या आणि उठून गेल्या. दुसऱ्या दिवशी फडक्यात धपाट्यांबरोबर तुपातला शिरा आला. भाईंनी मला वाटीभर आणून दिला. मी ती वाटी झाकून काउंटरखाली ठेवली.

शेवटी एकच किलो राहिला. संभाजीनगरहून तपासण्यांसाठी बोलावणं आलं. मामा त्या दिवशी दुकानासमोर दोन्ही हात लांब धरून उभे होते. पोट नसलेला तो माणूस मला ओळखू येईना. त्यांनी मांडीवर थाप मारली. जुना शड्डू. आवाज मात्र पहिल्यासारखा घुमला नाही, मांडीवर मांसच राहिलं नव्हतं.

ती तारीख यायच्या आधीच, बीडहून डायलिसिस करून येताना, मांजरसुंब्याच्या चढावर मामींनी त्यांच्या खांद्यावर डोकं टेकलं. मामांना वाटलं, झोप लागली. ड्रायव्हरला त्यांनी गाडी हळू घ्यायला सांगितलं, खड्ड्यात धक्का बसायला नको म्हणून. चौसाळा येईपर्यंत गाडी तशीच हळू आली.

अंत्यविधीला माणसं जमली, पांगली. पाटोद्याची मुलगी थांबली होती. तीच एका दुपारी दुकानात येऊन म्हणाली, "ताई, अण्णा काहीच खाईनात. तुमचं ऐकतेत, तुमी तरी सांगा." मी आईला धपाटे करायला सांगितले आणि घेऊन गेले.

मामा चुलीपाशी बसले होते. चूल थंड होती. मी ताट ठेवलं आणि शेजारी बसले. मामाच आधी बोलले.

"ती मला मुद्दाम खाऊ घालायची. ठावं हाय का तुला?"

मी हो म्हणून मान हलवली.

"मला बी ठावं व्हतं. लिंबाखाली न्यायला लागलो तवापासून."

"आणि तुम्ही खात नव्हता, हे मामींना?"

"तिला ठावं व्हतं की. भाईच्या अंगाला लोण्याचा वास येतो म्हणायची."

"मग तुम्ही दोघं कधी बोललात का नाही मामा?"

त्यांनी बोटानं चुलीतली राख सारखी केली. "बोललो असतो तर निकाल लागला असता. कुणीतरी एक हरलं असतं. आमाला ते नको व्हतं. रोज आपलं ती घालती, मी नेतो. घालती, नेतो. बरं चाललं व्हतं."

राखेचं बोट पायजम्याला पुसत त्यांनी विचारलं, "ही किडनी आता दुसऱ्या कुणाला देता येती का गं?"

मी म्हटलं, नाही. कायद्यानं सहसा घरच्यांनाच देता येते.

"मला वाटलंच."

बाहेर मुलगी कपडे वाळत घालत होती. मामांचा सदरा तारेवर लांबरुंद पसरला होता, त्यात आता दोन मामा मावले असते. मी ताट पुढं सरकवलं. इतके महिने ज्या माणसाला मी खाऊ नका म्हणत आले, त्याला म्हटलं, "मामा, खा. आता पोटभर खा."

त्यांनी माझं ऐकलं. धपाट्याचा तुकडा मोडला. बराच वेळ बोटांत धरून बसले.

"आज तर मी चाललोच न्हाई, पोरी," ते म्हणाले, आणि तुकडा हळूच ताटात ठेवून दिला.