चेष्टा
कोऱ्या पुस्तकांचा वास आला, की मला गाझियाबादमधल्या त्या शाळेच्या समितीची बैठक आठवते. बायको तिथे सातवीला इतिहास शिकवायची, तात्पुरत्या नेमणुकीवर. नव्या पुस्तकातून मोगल गेले होते. वर्गात एका मुलीनं विचारलं, "मॅम, फिर लाल किला किसने बनवाया?" बायकोनं तासभर उत्तर दिलं. दोनच दिवसांत एका पालकाची तक्रार आली, की मॅडम नव्या पुस्तकाची टिंगल करतात. समितीनं लेखी खुलासा मागवला. तो पटला नाही तर नोकरी जाणार होती. तिनं तो घाईघाईत हिंदीत लिहिला आणि मी न वाचताच "छान आहे" म्हणालो. बैठकीला मीही तिच्यासोबत गेलो होतो. शाल पांघरलेल्या अध्यक्षांनी तो मोठ्यानं वाचला. "नयी किताब की मैंने कोई चेष्टा नहीं की." मग चष्म्यावरून पाहत म्हणाले, "यानी पढ़ाने का प्रयास ही नहीं किया?" तेव्हा कुठे माझ्या लक्षात आलं. आपली चेष्टा म्हणजे थट्टा, हिंदीतली चेष्टा म्हणजे प्रयत्न. बायकोलाही ते उमगलं असावं, कारण तिचा चेहरा उतरला. पण खुलाशाचा खुलासा करायला जावं, तर टिंगलीचा विषय पुन्हा निघणार. तिनं कबुली दिल्यासारखी मान खाली घातली. अध्यक्ष शेजारच्या सदस्यांशी बराच वेळ कुजबुजले आणि चक्क हसले. "आलस्य है, द्वेष नहीं. चलो, माफ़ किया. पर मैडम, अगली बार चेष्टा अवश्य कीजिएगा." "जी सर, बिल्कुल," ती म्हणाली. आता ती तिथे कायम झाली आहे आणि अध्यक्षांना दिलेला शब्द आजतागायत पाळते आहे.