तोच फुटका दगड

कालव्याच्या कडेने कोणी घोडा घेऊन जाताना दिसलं की मला तो दगड आठवतो. हॉलंडमधल्या उइटहॉर्नला लेकीकडे राहायला आलो तेव्हा शेजारच्या डच आजोबांची नजर गेली होती, आणि दुसऱ्या महायुद्धानंतर लहानपणी पाहिलेला एक स्वस्तातला काउबॉय पिक्चर त्यांना पुन्हा बघायचा होता. कोणीतरी बघून सांगायला हवं होतं. मी म्हटलं, मी सांगतो. लेक म्हणाली, "बाबा, तुम्हाला डच कुठे येतं?" म्हटलं, शिकतो. आठवडाभर भांडी घासताना चार शब्द घोकले, घोडा, बंदूक, दगड, मेला, आणि जाऊन बसलो. खोलीत कॉफीचा वास, टीव्हीवरच्या पिक्चरमध्ये नुसती धूळ उडत होती. मी ओरडलो, "पार्ड", म्हणजे घोडा. मग "स्टेन", म्हणजे दगड. थोड्या वेळाने पुन्हा तोच फुटका दगड, शेजारी तेच झुडूप, पुन्हा "स्टेन". तिसऱ्यांदा दिसल्यावर मला वाटलं डिस्क अडकली, म्हणून मशीनला दोन चापट्या मारल्या, तर पिक्चरच बंद. शरमून लेकीला बोलावून सगळं सांगितलं, तिने ते आजोबांना सांगितलं. आजोबा डोळे पुसत हसत होते. लेक म्हणाली, "बाबा, ते म्हणतात दगड एकच होता, पिक्चरवाले घोडे त्याच्याभोवतीच फिरवायचे. त्यांनी तेव्हाच ओळखलं होतं, पण त्यांचा मोठा भाऊ मरेपर्यंत म्हणत राहिला, दगड वेगवेगळे." तिने डिस्क परत लावली आणि मी शेवटपर्यंत ओरडत राहिलो, दगड सात वेळा आला. शाळेत मास्तर म्हणायचे, याला दिसतं पण कळत नाही. आता वाटतं, त्या कामाला असाच माणूस हवा होता.