बांगड्याचं नाणं

हे मी कुणालाच सांगितलेलं नाही. नवऱ्यालाही नाही — आणि आई तर त्याची होती.

सासूबाई जाऊन काही महिने झाले. त्या दिवाळे गावाच्या कोळीवाड्यातल्या. त्यांचे भाऊ मालवाहू जहाजावर होते. कॅनडाच्या बंदरांतून येताना तिथली नाणी आणायचे आणि बहिणीच्या हातात ठेवायचे — जपून ठेव, वेळेला कामी येतील. त्यातल्या एका छोट्या चांदीच्या नाण्यावर एका बाजूला राणी आणि दुसऱ्या बाजूला मासा आहे. लग्न होऊन मी खारघरच्या या घरात आले, तेव्हा त्यांनी मला सगळ्यात आधी दाखवलं ते हे नाणं.

"बघ गो, त्यांचे रानीचे पैशावर बी आपला बांगराच हाय!"

दर लक्ष्मीपूजनाला त्या ती नाणी चिंचेनं घासायच्या. बांगड्याचे पर पार पुसट झाले होते. घासणं हा त्यांचा स्वभावच. मी घासलेली भांडीही त्या पुन्हा घासत. बोलत काही नसत — फक्त पुन्हा घासत. क्षुल्लक वाटतं ना? मलाही आज वाटतं. तेव्हा का वाटलं नाही?

नातीच्या ॲडमिशनच्या वेळी एका दुपारी त्यांनी नाण्यांचा डबा माझ्यापुढे ठेवला. "तू शिकलेली हायेस. बघ, काय येतंय याचं."

मी मन लावून बसले, हे खरं. लोहचुंबक फिरवलं. चिकटली ती रोजच्या व्यवहारातली, तिथल्या दुकानात चालतील तेवढ्याच मोलाची. उरलेल्यांवरची वर्षं पाहून चांदीची वेगळी काढली. मग इंटरनेटवर वाचलं — घासलेल्या नाण्याला संग्राहक किंमत देत नाहीत. त्याच्याच खाली लिहिलं होतं, की हे दुर्मिळ नाण्यांपुरतं. साध्यांना फक्त चांदीच्या वजनाचा भाव, घासलेली असोत वा नसोत. आमची सगळी साधी होती.

मी दोन्ही वाचलं. सांगितलं — एकच.

"आई, घासायला नको होती. खूप किंमत आली असती."

"म्हंजे — माजेच हातानं गेलं?"

इथे मला थांबता आलं असतं. मी "हो" म्हटलं.

त्या हसल्या. "भाऊ बोलायचाच, तुजा हात म्हंजे काथ्या हाय." आणि नाणी एकेक करून डब्यात भरू लागल्या.

माझी भांडी पुन्हा घासणं त्या दिवसापासून बंद झालं. सुरुवातीला मला बरं वाटलं — हेही लिहायला हवं. मग त्या कशालाही हात लावण्याआधी विचारू लागल्या. कढईला. नातीच्या पुस्तकांना. स्वतःच्याच देव्हाऱ्यातल्या समईला. "घेऊ का गो? खराब नाय ना व्हनार?" मी म्हणत राहिले, घ्या ना आई. किती संध्याकाळी घरात आम्ही दोघीच असायचो. पण खरं सांगितलं असतं, तर खोटं का बोलले, तेही सांगावं लागलं असतं. काय सांगणार होते — भांड्यांसाठी?

हॉस्पिटलात शेवटी त्यांना बिलाची काळजी लागली होती. "भावानं दिलेलं मीच घालवलं, नायतर..." मी चमच्यानं पाणी पाजलं. ओठ पुसले. तेवढंच केलं.

परवा नाणी घेऊन पनवेलला एका सराफाकडे गेले. विकायला नाही. मग कशाला? ठाऊक नाही. त्यानं चांदीची सगळी एकदम काट्यावर ओतली. एकही उलटून पाहिलं नाही. "वजनावरच जातात ही, ताई." जो आकडा सांगितला, त्यात फीचा एक हप्ताही भागला नसता.

नाणी परत आणली. दिवाळी आली आहे. बांगडा काळा पडलाय. त्या दुपारनंतर तो कुणीच घासलेला नाही.

काल मी चिंच भिजत घातली. ती तशीच वाटीत आहे.