कापणीचा वाटा

सर हसले. खुर्चीत मागे रेलले आणि मराठीत म्हणाले, "अगं, हक्क कसला? तुम्हा लोकांना खळ्यावर पदर पसरायची सवय. म्हणून तुला भिकेतसुद्धा हक्क दिसतो."

सिंगापुरात, वन-नॉर्थ भागातल्या आमच्या ऑफिसची मीटिंग रूम. टेबलाभोवती सात-आठ माणसं. चिनी, मलय, एक जकार्ताचा, एक फिलिपिनो. मराठी कळणारे आम्ही दोघंच. बोलणारे सर, म्हणजे माझे साहेब, आणि ऐकणारी मी. बाकीच्यांना वाटलं, एका मुलखातली माणसं आपसात काही गंमत करतायत. सर हसले म्हणून तेही हसले.

मी उभी होते. भिंतीवर माझीच स्लाइड होती. हातात रिमोट होता, आणि एसी असा की सगळे जाकिटं घालून बसलेले.

आमची कंपनी तांदूळ विकते. इथल्या सुपरमार्केटात, सुबक पाकिटांतून, डोंगरातला अस्सल म्हणून. पश्चिम जावात सुंदानी लोकांचं एक गाव आहे. उतारावर पायऱ्यापायऱ्यांची भातखाचरं. ती कंपनीला भाड्यानं घ्यायची होती. गावात जाऊन जमीन कोणाची, राबतं कोण, हे बघायचं काम माझ्याकडे होतं. करार व्हायला पाहणीच्या अहवालावर सहीही माझी लागणार होती.

गावात मोठे मालक थोडेच. बाकीच्यांकडे नावापुरती जमीन. तिथं मुलगा असो की मुलगी, आईबापाच्या जमिनीत दोघांनाही वाटा मिळतो. ऐकून मला हेवा वाटला होता. पण वाटून वाटून राहतं काय? तिथल्या इमास नावाच्या बाईच्या वाट्याला खाचराची एक पट्टी आली. तिच्यात म्हैस वळायची नाही एवढीशी. मग पोट कशावर भरायचं? तर रिवाजावर. बायका मालकाच्या खाचरात भाताची लावणी करतात. फुकट. निंदणी करतात. तीही फुकट. त्याच्या बदल्यात त्या खाचराची कापणी त्यांचीच. दुसऱ्या कोणी तिथं विळा घालायचा नाही. आणि कापलेल्या भाताचा पाचवा हिस्सा त्यांचा. याला ते न्गेपाक म्हणतात. कोणती बाई कोणत्या खाचराची, हे सगळ्या गावाला ठाऊक असतं. इमासला तिची खाचरं आईकडून आली. पुढं ती तिच्या मुलीकडे जायची.

कंपनीच्या करारात मालक होते. कंपनी होती. कापणीचं मशीन होतं. या बायका कुठंच नव्हत्या. मी एक ओळ मागत होते. मशीन आणा, काहीही आणा, पण लावणी करणाऱ्या बाईचा कापणीचा वाटा कायम राहील. एवढीच ओळ. त्यावर सरांनी मला ते ऐकवलं.

इमास पन्नाशीची. तोंडानं फटकळ. पहिल्या दिवशी दुभाष्याला बाजूला सारून तिनं मला सरळच विचारलं, "भात विकतेस. कधी लावलायस?"

मी म्हटलं, नाही, आमच्याकडे ज्वारी. तिला ज्वारी कळेना. फोनवर फोटो दाखवला.

"हे तर कोंबड्यांना घालतात," ती म्हणाली आणि बांधावर बसून पोट धरून हसली. मलाही हसू आलं. माझी मलय मोडकीतोडकी, तिची भाषा अर्धी सुंदानी, पण चिडवणं आम्हाला एकमेकींचं पहिल्या दिवसापासून कळत होतं. तिचा माझ्यावर भरवसा मात्र नव्हता. ते तिनं लपवलंही नाही.

कापणीच्या दिवशी मी गावातच होते. भात झोडून झालं. शेतातच वाटे पडले. चार मालकाचे, एक बायकांचा. माप बायकाच घालत होत्या. मालक बाजूला बसून सिगारेट ओढत होता. मधेच एक बाई त्याच्यावर खेकसली, पाय काढ तिथून, भातात धूळ येते. त्यानं मुकाट्यानं पाय काढला. मी बघतच राहिले.

इमासनं आपल्या वाट्यातलं एक माप भरलं आणि म्हणाली, "घे. आमच्याकडून. घरी ने."

मी ओढणी पसरली. मला कळलंसुद्धा नाही. दोन्ही हातांत ओढणी, मान खाली, आणि दोन पावलं मागे. आपला हात त्या बाईला लागू नये अशा बेतानं.

इमास थबकली. "एवढी लांब का उभी राहिलीस? मी काय चावते?"

ती जवळ आली. ओढणीचं एक टोक तिनं स्वतःच धरलं, भात ओतला, गाठ मारली आणि गठुडं माझ्या हातात दिलं. बायका हसल्या. मी पण हसले. मग लघवीला जाते असं सांगून केळींच्या मागे गेले आणि तिथं रडले.

कारण तसं उभं राहायला मला कोणी सांगितलं नव्हतं. मी ते बघून शिकले होते. सुगीत आई पाटलाच्या रानात राबायची. खुरपणी तिची, काढणी तिची, मोडणी तिची. रास पडली की तिनं खळ्याच्या कडेला पदर पसरून उभं राहायचं. पाटील सूप वर धरायचा, खांद्याच्या वर, आणि तिथून ज्वारी सोडायचा. शिवाशिव नको म्हणून. निम्मी पदरात पडायची, निम्मी मातीत. मग पाटील म्हणायचा, "उचल गं, एक दाणा राहता कामा नये." आई वाकायची. मी पण वाकायची. मातीतून दाणे वेचायचो आम्ही मायलेकी, आणि पाटलाची माझ्याच वर्गातली मुलगी ओट्यावर बसून पाय हलवत बघायची.

ती मजुरी होती. घाम गाळून मिळवलेली. पण द्यायची रीत भिकेची होती, आणि त्या रीतीमुळे आम्ही जन्मभर समजत आलो की पाटील देतो म्हणून आपण खातो. एवढी शिकले, परदेशात आले, तरी माझ्या हातांना तेच ठाऊक होतं. इमासच्या हातांना ते ठाऊक नव्हतं. तिनं जन्मात कधी वाट्यासाठी मान खाली घातली नव्हती. याचा मला राग आला. तिचा नव्हे. आमच्या गावाचा.

हे सगळं मी सरांना सांगितलं होतं. त्या दौऱ्याहून परतताना, चांगी विमानतळावरून आम्ही दोघं एकाच टॅक्सीनं घरी येत होतो तेव्हा. का सांगितलं? मराठीत बोलायला दुसरं कोणी नव्हतं म्हणून.

क्वीन्सटाउनला एका म्हाताऱ्या बाईच्या फ्लॅटमधली एक खोली मी भाड्यानं घेतली आहे. ती बाई माझ्याशी खुणांनी बोलते. जेवण खालच्या हॉकर सेंटरमधल्या खाण्याच्या गाळ्यांवर, ट्रे घेऊन एकटीनं. एकदा मराठी मंडळींच्या जेवणाला गेले होते, कुणाच्या तरी काँडोत. छान साड्या, पुरणपोळी, सगळं. एका बाईंनी आडनाव विचारलं. मी सांगितलं. "हो का," म्हणाल्या, आणि त्यानंतर माझ्याशी बोलायचं त्यांना काही सुचेना. पुढच्या वेळी निरोप आला नाही. रविवारचे रविवार जातात, माझ्या तोंडातून मराठी शब्द निघत नाही. कधी कधी आंघोळ करताना उगाच मोठ्यानं बोलते, भाषा जागेवर आहे का बघायला. सर मूळचे पुण्याचे. माझ्याशी मराठी बोलायचे. तेवढ्यावरच मला ते आपले वाटले. टॅक्सीत सगळं ऐकून "अरेरे" म्हणाले होते. मी त्या "अरेरे"वर कित्येक दिवस खूश होते.

आणि आता तेच खळं, तोच पदर त्यांनी उचलून माझ्या तोंडावर मारला. मराठीतच. इतरांना कळणार नाही, आणि मी गप्प बसेन, एवढं धरून.

गप्प बसणारच होते मी. रिमोट खाली ठेवला होता. पुढची स्लाइड कोणती हेही आठवेना. मग टेबलाच्या टोकाला बसलेल्या डायरेक्टर बाईंकडे लक्ष गेलं. सिंगापूरच्याच, चिनी. सगळे हसले म्हणून त्या अजूनही हसऱ्या चेहऱ्यानं माझ्याकडे बघत होत्या. जोक काय होता ते मी सांगेन म्हणून.

मी इंग्रजीत म्हणाले, "सर आत्ता आमच्या भाषेत काय बोलले, ते तुम्हा सगळ्यांना सांगते."

सरांची खुर्ची सरळ झाली.

एकेक शब्द सांगितला. खळं म्हणजे काय ते सांगितलं. पदराला इंग्रजीत शब्द मिळेना. मग खांद्यावरची ओढणी काढली, दोन्ही हातांत धरली, दोन पावलं मागे सरले, मान खाली घातली आणि दाखवलं. माझी आई अशी उभी राहायची. सर म्हणतात, मी आणि माझी माणसं अशी उभी राहतो म्हणून आम्हाला भीकही हक्क वाटते.

कोणी हसलं नाही. जकार्ताचा सहकारी टेबलाकडे बघत राहिला. सर इंग्रजीत म्हणाले, "तिचा गैरसमज झालाय. तसा अर्थ नव्हता."

मी त्यांचं वाक्य त्यांना मराठीत परत म्हणून दाखवलं. जसंच्या तसं. त्यांच्याच सुरात. म्हटलं, "यातला कोणता शब्द तुमचा नाही, सर?"

डायरेक्टर बाई म्हणाल्या, "ओके, ओके. लंचनंतर बोलू या, चालेल ना?"

लंचला माझ्या टेबलावर कोणी बसलं नाही. रोज बसणारी फिलिपिनो मुलगीसुद्धा लांबून हात करून गेली. लंचनंतर मीटिंग पुन्हा भरलीच नाही. संध्याकाळी आईला फोन केला. सगळं सांगितलं. ती म्हणाली, "नोकरीचं बघ बाई." मला वाटलं होतं, निदान ती तरी म्हणेल, बरं केलंस. पण तिनं जन्मभर भाकरीचंच बघितलं होतं, तिला मी काय बोलणार. फोन ठेवला. घरमालकीण टीव्ही बघत होती. मी तिच्या मागून खोलीत गेले आणि दार लावून घेतलं.

सकाळी डायरेक्टर बाईंनी बोलावलं. सर आधीच बसले होते. बाईंनी तोडगा काढला होता. सर सगळ्यांसमोर माझी माफी मागतील. मी ती ओळ काढून सही करीन. विषय संपला. "तुझाही मान राहील, कंपनीचाही राहील," त्या म्हणाल्या. त्यांच्या बोलण्यात कपट नव्हतं. त्यांना खरंच वाटत होतं की त्या मला काहीतरी देतायत.

सर म्हणाले, "तुला वाईट वाटलं असेल तर सॉरी." इंग्रजीत. आता ते माझ्याशी मराठी बोलत नव्हते.

क्षणभर मोह झाला. खोटं का बोलू. भरल्या खोलीत तो माणूस उभा राहून माझी माफी मागणार. माझ्या आईनं असं कधी स्वप्नातसुद्धा बघितलं नसेल. पण ती माफी इमासच्या वाट्यातून कापून मला देत होते.

मी म्हटलं, "माफी नको. ओळ राहू दे. ओळीशिवाय मी सही करणार नाही."

"मग दुसऱ्या कुणाची घेऊ," सर म्हणाले.

"घ्या. मालकांच्या सह्या होतील त्या दिवशी मी गावात असेन. माझ्या सुट्टीत, माझ्या खर्चानं. बायकांना एकेकीच्या खाचरावर गाठून सांगेन, या करारात तू नाहीस. त्यानं सही करायच्या आधी मालकाला अडव."

डायरेक्टर बाईंनी पेन खाली ठेवलं. "तुझा इथं राहायचा पास कंपनीवर आहे. नोकरी गेली तर इथं राहता येणार नाही. कळतंय ना?" धमकी नव्हती. विचारत होत्या.

"कळतंय," मी म्हटलं. "त्या गावात जायला तुमचा पास लागत नाही."