भाऊ रुसलाय

औरंगपुऱ्यातल्या माझ्या मेडिकलवर आलेले ते म्हातारे गृहस्थ गर्दी ओसरेपर्यंत बाजूलाच उभे राहिले. मग हळूच म्हणाले, "मोठ्या माणसाचे डायपर द्या. घरी पेशंट हाय."

"कंबर किती?" मी विचारलं.

त्यांचा हात स्वतःच्याच कंबरेवर गेला. "धोतरातून दिसतं का? वास येतो?"

"नाय काका. वेळेवर बदललं की कुणाला कळत नाय."

ते स्टुलावर बसले. "लघवी सुटायला लागल्यापासून एसटीत बसलोच नाय. अजिंठ्याची बहीण समद्यांना सांगती, भाऊ रुसलाय."

"मग खरं सांगायचं तिला."

"धाकटी हाय. तिला कसं सांगू?"

मी दिलेलं पुडकं हातात घेऊन ते उठले. मग म्हणाले, "आत कपडे बदलायला जागा हाय का? अजिंठ्याची गाडी आत्ता भेटंल."