खव्याच्या डब्यावरचा रंग

आमच्या घरात कॉलेजात गेलेली मी पहिली. हे मी लाजत सांगत नाही. अब्बांचं कळंबला एसटी स्टँडजवळ दुचाकी दुरुस्तीचं दुकान आहे, अम्मी शिवणकाम करते, आणि मी रसायनशास्त्रात एम.एस्सी. आहे, तीही चांगल्या गुणांनी. निकालाच्या दिवशी अब्बांनी दुकानात येईल त्याला चहा पाजला. एक माणूस नुसता पत्ता विचारायला आला होता, त्यालाही पाजला.

पुढं विद्यापीठात एका सरांच्या हाताखाली संशोधनाला लागले. सरांचा विषय होता, खायची वस्तू बिघडली हे ती न उघडता कसं कळावं. आमच्या जिल्ह्यात राहून हा विषय घेतला की खव्यापाशीच यावं लागतं. भूम-वाशीकडं गावोगाव खव्याच्या भट्ट्या आहेत. मोठ्या कढईत दूध आटत असतं, खुरपणीनं सारखं हलवत राहायचं, थांबलं की तळाला लागलं. तिथून खवा डब्यात भरून टेम्पोनं लांबच्या शहरांत जातो. अडचण एवढीच, की वरून डबा सारखाच दिसतो. आत खवा आंबलाय का हे बघायचं तर झाकण काढून हातावर चोळायचा, वास घ्यायचा, जिभेला लावायचा. आणि एकदा झाकण काढलं की चांगलाही लवकर बिघडतो.

आम्ही एक पट्टी तयार केली. वाळवलेल्या जास्वंदीच्या पाकळ्यांचा अर्क काढायचा, तो जेली करतात त्या चायना ग्रासच्या पातळ थरात मिसळायचा, वाळवून चौकोनी तुकडे कापायचे आणि डब्याच्या पारदर्शक झाकणाला आतून चिकटवायचे. खवा आंबायला लागला की डब्यातल्या हवेत आंबूस वाफ येते, तिनं पट्टीचा रंग बदलतो. खायच्या फुलाची पट्टी, विषारी काही नाही. याचा शोधनिबंध छापून आला, विद्यापीठानं पेटंटला अर्ज केला, आणि आम्हाला वाटलं, झालं.

सर म्हणाले, "छापलेलं कपाटात ठेवायचं की बाजारात न्यायचं?"

अशी आमची कंपनी निघाली. सर, मी आणि माझा एक सहकारी. हा जळकोटचा, घरात कन्नड बोलणारा, मला अक्का म्हणतो. वयानं तो माझ्याहून मोठा आहे, पण ते त्याला मान्य नाही. विद्यापीठातली कंपनी म्हणजे काय, हे मी गावाकडं बटईच्या शेतीवरून सांगते. रान विद्यापीठाचं, म्हणजे शोधाचा हक्क त्यांचा. राबायचं आम्ही. पिकलं तर दोघांचं. नाही पिकलं तर विद्यापीठ ते रान दुसऱ्या कुणाला कसायला देणार. विभागाच्या जुन्या स्टोअररूममधल्या तुटक्या खुर्च्या बाहेर काढून आम्ही तिथं बसायला लागलो. दारावर पाटी लावली तेव्हा शिपाई म्हणाले, "आता तुम्ही मालक झालात व्हय? मग चहा तुमच्याकडून."

नेमकं त्याच पावसाळ्यात कळंबजवळच्या एका ज्युनिअर कॉलेजातून मला नेमणूक आली. कायमची नोकरी. दिवाळीच्या सुट्टीनंतर रुजू व्हायचं होतं. अब्बांचा जीव भांड्यात पडला.

"बेटा, कंपनी-बिंपनी ठीक हाय. पण तुमच्या कंपनीला गिऱ्हाईक किती?"

"अजून नाही."

"एकबी न्हाय?"

"एकबी नाही अब्बा."

ते स्पार्क प्लग पुसत राहिले. बोलून दाखवत नव्हते, पण मला कळत होतं. मी मास्तरीण व्हावी एवढ्यासाठी त्यांनी मला शिकवलं होतं असं नाही. पण मास्तरीण झाले असते तर त्यांना रात्री शांत झोप लागली असती. शेवटी आमचं ठरलं. नवरात्राच्या आधी एक पक्की ऑर्डर आली तर मी कंपनीत राहीन. नाही आली तर गुपचूप कॉलेजात रुजू होईन, तोंड वाकडं करणार नाही. सरांनाही विद्यापीठाकडून सांगणं आलंच होतं, की यंदा गिऱ्हाईक उभं राहिलं नाही तर हक्क दुसऱ्या कंपनीला देऊ. म्हणजे सगळं येऊन टेकलं होतं एका माणसावर. भूमकडचे एक मोठे खवा व्यापारी, सगळा भाग त्यांना अप्पा म्हणतो. नवरात्र-दिवाळीत पेढ्यांसाठी खव्याला मागणी असते, आणि त्या भागातला बराच माल अप्पांच्या गोदामातून जातो.

सरांच्या गाडीतून निघालो. मागच्या सीटवर माझ्या मांडीवर डबे. तेरखेड्यात फटाक्यांची दुकानं लागली, तसा सहकारी म्हणाला, "सर, एवढं गाव जाऊस्तोवर कुणी तापू नका." सर हसले नाहीत. ते मनातल्या मनात भाषण म्हणत होते.

गोदामात पोचल्यावर अप्पांनी ते भाषण निम्म्यात थांबवलं. कपाळाला भस्म, अंगात पांढरा सदरा, आवाज अगदी हळू. "सर, ते राहू द्या. माल मांडा."

आम्ही डबे मांडले. काही त्याच दिवशी सकाळचे, काही मुद्दाम उबेत ठेवून बिघडवलेले. सगळ्यांच्या झाकणांना आतून आमची पट्टी.

"आता मी नुसतं पट्टीकडं बघून ताजा डबा उचलतो," अप्पा म्हणाले. "मला उचलता आला म्हणजे कुणालाबी येईल."

त्यांनी क्षणभरही विचार केला नाही. गुलाबी पट्टीचा डबा उचलला.

सरांचा चेहरा पडला. आमच्या जास्वंदीच्या पट्टीचं असं होतं, की ताज्या खव्यावर ती जांभळी राहायची आणि आंबलेल्यावर गुलाबी व्हायची.

"अप्पा, हाच का घेतला?" मी विचारलं.

"का म्हणजे? नवरीवानी दिसतोय की. तो दुसरा बघा, काळानिळा पडलाय. मुका मार बसल्यावानी." असं म्हणून त्यांनी झाकण काढलं. वास माझ्यापर्यंत आला. अप्पांनी नाक बाजूला केलं, झाकण लावलं आणि पॅकिंग करणाऱ्या मावशींना हाक मारली. "मावशी, ह्यातला घरी कुठला न्यायचा तुम्ही?"

मावशींनी हात पुसले आणि त्याच रंगाचा दुसरा डबा उचलला. "ह्यो. लई झ्याक रंग हाय."

अप्पा हसले, पण आम्हाला हसले नाहीत. "सर, तुमची पट्टी खरं बोलतीया. पण उलटं बोलतीया. माझा हलवाई ताजा माल परत धाडंल आन नासका ठेवून घेईल. सरळ बोलायला लागली की घेऊन या. नवरात्राच्या आत आणा, त्याच्यानंतर मला तुमच्याशी बोलायला सवड न्हाय."

परतताना तेरखेडं मागं पडलं. मग सहकारी म्हणाला, "अक्का, किती महिने आपण ती पट्टी बघतोय. तुला एकदा तरी ती काळीनिळी दिसली का?"

नव्हती दिसली. खरं सांगायचं तर मला ती जांभळीही दिसायची बंद झाली होती. मला दिसायचा तो आम्लतेचा आकडा. जांभळं म्हणजे ठीक, गुलाबी म्हणजे आम्ल. आमच्या विभागात भिंतीवर तक्ता होता, येणारा-जाणारा बघून "वा, छान रंग" म्हणायचा, आणि आम्ही खूश व्हायचो. आम्ही तिघं रसायनशास्त्राची माणसं. खवा विकत घेताना आम्हीही हातावर चोळूनच घेतो, हे आमच्या लक्षातही आलं नाही.

सरांचं म्हणणं पडलं, की झाकणावर छापून टाकू: जांभळा म्हणजे ताजा. सोपं काम, आठवड्यात होईल. मी म्हटलं, नाही. सरांना एवढं तोंडावर नाही म्हणायची माझी ती पहिलीच वेळ. "सर, डबा जाणार हैदराबादला, पुण्याला. हलवायाकडं काम करणारा माणूस कुठल्या मुलखातला असेल, त्याला कोणती लिपी येत असेल? आणि वाचता आलं तरी घाईत कोण वाचतंय? डोळ्याला जे दिसतं तेच माणूस धरतो."

"मग रंग कुठून आणणार? जास्वंदीनं करायचं ते केलं."

"बघू या," मी म्हटलं. खरं तर मलाही माहीत नव्हतं.

आधी सोपा उपाय केला. त्याच अर्कात चिमूटभर खायचा सोडा घातला, तर रंग हिरवा झाला. आम्ही एकमेकांना टाळ्या दिल्या. पण दुपार होईपर्यंत तो हिरवा विटून पिवळट पडला. धुतलेल्या हळदीच्या फडक्यासारखा. सोडा कमी केला, थर जाड केला, सावलीत वाळवला. जास्वंदीला हिरवं राहणं झेपतच नव्हतं. नवरात्र जवळ येत होतं. अम्मीनं फोनवर विचारलं, कॉलेजात नेसायला साड्या लागतील, आत्ताच घेऊन ठेवू का? मी म्हटलं, थांब थोडं.

मग मी फुलंच बदलायचं ठरवलं. मुलींच्या वसतिगृहाच्या कुंपणावर गोकर्णीचा वेल होता, निळ्या फुलांचा. गोकर्णीचा रंग जास्वंदीपेक्षा चिवट असतो, हे वाचलेलं होतं. पण वाचलेलं आणि आपल्या उन्हात टिकलेलं यात फरक असतो. सकाळी ओढणीत फुलं तोडून घेताना वॉचमन काकांनी हटकलं.

"मॅडम, पूजेला व्हय?"

"नाही काका, खव्याला."

दुसऱ्या दिवशी मात्र त्यांनी स्वतःच तोडून पिशवीत भरून ठेवली होती. वर विचारलं, "खव्यात घालतेत का ही फुलं? आमच्याकडं विलायची घालतेत."

गोकर्णीत सोडा टाकला, रंग हिरवागार झाला. दुपारी हिरवा. संध्याकाळी हिरवा. दुसऱ्या दिवशीही तसाच. आणि आंबलेल्या खव्यावर ठेवला तर आधी निळा, मग जांभळा. म्हणजे आता मुका मार बसायचा तो नासक्या मालालाच. सहकारी खुर्चीवरून उठला आणि कन्नडमध्ये काहीतरी लांबलचक बोलला. त्याचं मराठी त्यानं कधीच सांगितलं नाही.

या वेळी आम्ही तक्ता भिंतीवर लावला नाही. पट्ट्या घेऊन माणसांत गेलो. कँटीनमध्ये, स्टँडवर, कळंबच्या एसटीत शेजारी बसलेल्या बायकांना विचारत सुटलो, यातला कुठला डबा घ्याल? एक आजी म्हणाल्या, "बाई, आत काय हाय ते दावा आधी, रंग काय करायचाय?" खरंच होतं त्यांचं. पण बाकी सगळ्यांचं बोट हिरव्यावर गेलं.

परत अप्पांकडं गेलो. सर या वेळी भाषण न करता बाजूला उभे राहिले. अप्पांनीही स्वतः डबा उचलला नाही. "मला आता माहीत हाय तुमची गंमत," म्हणाले, आणि मावशींना बोलावलं. मावशींनी हिरवा घेतला. टेम्पोचा ड्रायव्हर बाहेर तंबाखू मळत होता, त्याला आत घेतलं. त्यानं हिरवा घेतला. दोघांचेही डबे अप्पांनी उघडले, खवा तळहातावर चोळला, तूप सुटलेलं बघितलं. मग उरलेला जांभळा डबा उघडून लगेच बंद केला.

"हिरवा कुणी काढला? पोरीनं काढला असणार," माझ्याकडं बघत म्हणाले. चिडवण्यातली मजा त्यांच्या डोळ्यांत दिसत होती.

"नाही अप्पा, सिग्नलवरून काढला," सहकारी म्हणाला.

"आपल्याकडं सिग्नल पाळतंय कोण?"

"पाळत नसतील, पण कळतो सगळ्यांना," मी म्हटलं.

त्यावर अप्पा मोकळेपणी हसले, आणि हसता हसता कामाचं बोलले. "नवरात्राच्या सगळ्या मालाला लावा. नीट चालली तर दिवाळीलाबी तुमचीच. पण झाकणावर माझं नाव मोठं पाहिजे, तुमच्या कंपनीचं बारीक."

सर 'हो हो' म्हणायच्या आत मी म्हटलं, "बारीक चालेल अप्पा. पण चष्मा न लावता वाचता आलं पाहिजे."

"सर, ही पोरगी तुम्हाला धंदा शिकवंल," अप्पा म्हणाले आणि चहा सांगितला.

नवरात्राचा माल गेला. पट्टी उलटी वाचून एकही डबा परत आला नाही. दिवाळीची ऑर्डर अप्पांनी मोठी केली, तेव्हा विद्यापीठानं हक्क आमच्याकडंच ठेवला. स्टोअररूम पुरेना म्हणून शेजारची खोली मिळाली. पट्ट्या कापायला गावातल्या बायका येतात, त्यांच्या गप्पांनी विभागातलं वातावरण पार बदललंय. गोकर्णी आता कुंपणावरची पुरत नाही, दोघातिघा शेतकऱ्यांनी बांधाला लावलीय.

अप्पांची पहिली ऑर्डर आल्यावर कॉलेजला नकार कळवला होता, त्या दिवशी मी मुद्दाम कळंबला गेले. असली गोष्ट फोनवर सांगायची नसते. अब्बा एका गाडीची चेन बसवत होते. मी सांगितलं, ऑर्डर आली, ठरल्याप्रमाणं मी राहतेय. ते काही वेळ चेनच फिरवत बसले.

"पक्की हाय ना?"

"पक्की आहे."

"मग रहा. बोललो होतो तसं." मग जरा थांबून म्हणाले, "मास्तरीण झाली असतीस तर काम सोपं होतं. पोरगी काय करते म्हटलं की एका शब्दात उरकलं असतं. आता येईल त्याला सगळं समजावत बसा."

गाडीचा मालक बाकड्यावर पेपर वाचत होता. त्यानं मान वर करून सहज विचारलं, "काय करते चाचा पोरगी?"

अब्बांनी पाना खाली ठेवला, हात पुसले आणि त्याच्या शेजारी जाऊन बसले. "खवा माहीत हाय ना तुला? बस. सांगतो." गाडी तशीच उभी राहिली. मी शेजारच्या टपरीवर जाऊन चहा सांगितला, कारण अब्बांनी फुलापासून सुरुवात केली होती.